मुलांची चित्रं पोस्टाने पाठवताना



चित्रकला स्पर्धेचं पत्रक शाळेत आलं की आपण विषय सांगतो, कागद देतो, मुलं दोन-तीन दिवस खपून चित्रं काढतात. आणि शेवटच्या दिवशी घाईघाईत आपण ती गुंडाळून पोस्टात टाकतो. मीही अनेक वर्षं असंच करत होतो. मग एका जुलैमध्ये आठ मुलांची चित्रं एकावर एक ठेवून त्यांची एकच सुरळी केली, वर रबर बँड लावला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि पाठवून दिली. आठवड्याने आयोजकांचा फोन आला की चित्रं एकमेकांना चिकटली आहेत. सातवीतल्या एका मुलीने तेलखडूंनी आठवडी बाजार काढला होता. तिच्या भाजीवालीच्या चेहऱ्यावर दुसऱ्याच्या चित्रातलं आभाळ उमटलं होतं. "सर, माझं चित्र परत मिळेल का?" एवढंच तिने विचारलं. यात पोस्टाची काहीच चूक नव्हती. चूक माझ्या सुरळीची होती.

छापील पोस्टर खराब झालं तर दुसरं मिळतं. मुलाचं चित्र एकच असतं. म्हणून पहिली गोष्ट, पॅकिंगला हात लावण्याआधी उजेडात चित्राचा सरळ समोरून फोटो काढून ठेवा.

आता चित्र कशाने रंगवलं आहे ते बघा, कारण सपाट पाठवायचं की गुंडाळून, हे त्यावरच ठरतं. पोस्टर कलरचा थर जाड असेल तर तो वाळल्यावर ठिसूळ होतो. गुंडाळला की त्याला बारीक भेगा पडतात आणि टवके निघतात. तेलखडू तर वरवर कोरडे वाटले तरी पूर्ण वाळतच नाहीत, दाब आणि उष्णता मिळाली की समोरच्या कागदावर उतरतात. ही दोन्ही चित्रं सपाटच पाठवावीत. पेन्सिल, स्केचपेन किंवा पातळ जलरंगातलं मोठं चित्र, किंवा छापील पोस्टर गुंडाळायला हरकत नाही.

प्रत्येक चित्रावर बटर पेपर ठेवा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते. पतंगाचा रंगीत कागद तर मुळीच नको, थोडा दमटपणा मिळाला तरी त्याचा रंग सुटतो. चित्राला चिकटपट्टी कुठेच लावू नका, मागच्या बाजूलाही नाही.

सपाट पाठवण्यासाठी खोक्याचा नालीदार पुठ्ठा उत्तम, किराणा दुकानात फुकट मिळतो. क्वार्टर इम्पिरिअल कागद साधारण २८ × ३८ सें.मी. असतो, पुठ्ठे चारही बाजूंनी पाच सें.मी. मोठे, म्हणजे ३८ × ४८ सें.मी. कापा. यात एक खुबी आहे. पुठ्ठ्याच्या आत नाल्या असतात आणि तो नालीच्या रेषेवर सहज दुमडतो, आडवा दुमडत नाही. म्हणून एका पुठ्ठ्याच्या नाल्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील असे दोन तुकडे घ्या. मग पाकीट कोणत्याच दिशेने सहज वाकत नाही. मुलांना दोन्ही तुकडे हातात देऊन आधी वेगवेगळे आणि मग एकत्र वाकवायला सांगा, विज्ञानाचा छोटा तास होऊन जातो. चित्र आत सरकू नये म्हणून कोऱ्या कागदाचे चार त्रिकोणी खिसे करून खालच्या पुठ्ठ्यावर चिकटवा आणि चित्राचे कोपरे त्यात अडकवा. फोटोच्या जुन्या अल्बममध्ये असायचे ना, अगदी तसेच.

गुंडाळायचंच असेल तर नळी जितकी जाड तितकं चांगलं. पडद्याच्या कापडाच्या किंवा फ्लेक्स छापणाऱ्यांच्या दुकानात पुठ्ठ्याच्या मजबूत नळ्या टाकून दिलेल्या असतात, मागितल्या तर देतात. इथे गणितही कामाला येतं. नळीचा व्यास १० सें.मी. असेल तर परीघ सुमारे ३१.४ सें.मी. ए-टू कागद ४२ × ५९.४ सें.मी. असतो, ५९.४ ची बाजू गुंडाळली तर दोन वेढेसुद्धा पूर्ण होत नाहीत. तोच कागद ४ सें.मी.च्या नळीवर पावणेपाच वेढे घेतो आणि बाहेर काढल्यावर टेबलावर सरळ राहत नाही. शक्य असेल तर चित्र बारीक नळीत कोंबण्याऐवजी नळीवर बाहेरून गुंडाळा, वर बटर पेपर आणि साधा कागद लपेटा आणि ती नळी त्याहून जाड नळीत सरकवा. बाहेरच्या नळीला धक्का बसला तरी चित्राला तो कमी लागतो. रबर बँड नको, कडा कापतो. कागदाची सैलसर पट्टी लावा. नळी फार लांब असेल तर मापाची मर्यादा पोस्टात आधीच विचारून घ्या.

पावसाळ्यात प्लॅस्टिक हवंच, पण चित्र पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत बंद करू नका. ओल आतच कोंडते आणि बाहेरच्या पावसापेक्षा तीच जास्त नुकसान करते. रंगवल्यावर निदान एक दिवस पंख्याखाली राहू द्या. म्हणजेच शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी चित्र पूर्ण करायचं, ही आपली जुनी सवय सोडावी लागते!

पत्ता बाहेर तर लिहाच, शिवाय एका चिठ्ठीवर दोन्हीकडचे पत्ते लिहून ती आतही ठेवा. बाहेरचं लेबल भिजलं तर तीच कामाला येते. पिनकोडचे सहाही अंक नीट लिहा. (१९७२ साली सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी माणसाने आखली, हे मुलांना जरूर सांगा.) 'दुमडू नये' असं ठळक लिहायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर पातळ पाकीट पाठवू नका. २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टच करा आणि पावतीवरचा तेरा अक्षर-अंकांचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. तो इंटरनेटवर टाकला की पाकीट कुठवर पोहोचलं ते कळतं. माझ्या वर्गात हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो आणि मुलंच रोज विचारतात.

आणि खरं चित्र घालण्याआधी तसंच पाकीट कोरा कागद घालून बनवा. कमरेइतक्या उंचीवरून एकदा सपाट, एकदा कोपऱ्यावर आणि नळी असेल तर एकदा टोपणावर पाडून बघा. आमच्याकडे पहिल्याच वेळी नळीचं टोपण उडून फळ्यापर्यंत गेलं. आता आम्ही टोपणावर टेपच्या दोन पट्ट्या अधिकच्या चिन्हासारख्या आडव्या-उभ्या लावतो आणि त्यांची टोकं नळीवर निदान चार बोटं खाली आणतो.