मानमोडीवर पुडी चालत नाही

समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडसारख्या गावात परसातल्या दहा-वीस कोंबड्या म्हणजे घरच्या बाईच्या हातातला हक्काचा पैसा. मर लागली की तो चार दिवसांत जातो, आणि लोक म्हणतात, "उन्हाळ्यात कोंबड्या मरतातच."

मरतात, पण सगळ्याच उन्हाने नाही. ऊन लागलेली कोंबडी धापा टाकते आणि भर दुपारी पडते. हिरवट पातळ हगवण, पंख पाडून बसणे, मग मान पिरगळणे, पाय लुळे पडणे ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लक्षणे. हा रोग विषाणूचा. त्यावर अँटिबायोटिकची पुडी चालत नाही, हळद-लसूणही नाही. एखादी कोंबडी वाचते ती स्वतःच्या ताकदीवर. श्रेय मात्र पुडीला मिळते. रक्ती हगवणीचे तसे नाही. ती परजीवीमुळे होते, तिला औषध आहे आणि खुराडे कोरडे ठेवले तर ती आटोक्यात राहते.

मानमोडीला लस हाच उपाय. पिल्लू 5 ते 7 दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि 8 आठवड्यांनंतर आर-टू-बीचे इंजेक्शन. "लस दिली तरी मेल्या" ही तक्रार खोटी नसते. पण या लसीतला विषाणू जिवंत असतो. त्याला 2 ते 8 अंशांची थंडी लागते. वर्ध्याच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीतून आणलेली शिशी घरी पोहोचेपर्यंत निकामी झालेली असते. बर्फाच्या थर्मासातच आणावी. कालवलेली लस तास-दोन तासांत संपवावी लागते, आणि एका शिशीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात. म्हणून शेजारच्या घरांनी मिळून एकाच दिवशी लसीकरण करावे. मर सुरू झाल्यावर टोचलेली लस आजारी पक्ष्याला वाचवत नाही.

बर्ड फ्लूची भीती 2006 साली नवापूरपासून घराघरांत शिरली. नीट शिजवलेल्या चिकनमधून तो होत नाही. 70 अंशांवर विषाणू मरतो. धोका आजारी पक्षी उघड्या हातांनी हाताळण्यात, सोलण्यात आहे. मानमोडी की बर्ड फ्लू, हे घरी नुसते पाहून सांगता येत नाही. म्हणून पटापट मर लागली तर आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. उरलेल्या कोंबड्या बाजारात नेऊन विकणे सर्वांत वाईट, कारण रोग त्यांच्यासोबत पुढच्या गावात जातो. मेलेल्या नाल्यात न फेकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, आणि नवी कोंबडी आणली तर दोन आठवडे वेगळी बांधा.