समुपदेशकाची परीक्षा : तयारी कशाची करावी?

समुपदेशनाचा परवाना मिळविण्यासाठी कोणती परीक्षा द्यावी लागते, असा प्रश्न मानसशास्त्राचे विद्यार्थी आम्हांस नेहमी विचारतात. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत समुपदेशन केंद्रांच्या पाट्या वाढत असल्याने रुग्णांचे नातेवाईकही आता हेच विचारू लागले आहेत. त्यांच्यासाठी हा खुलासा.

अमेरिकेत प्रत्येक राज्यात समुपदेशकास परवाना लागतो. कॅलिफोर्नियाने तसा कायदा सर्वांत शेवटी, २००९ साली केला. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते व तीही मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरच. सर्वसाधारण समुपदेशकांना मात्र दीर्घकाळ असे बंधन नव्हते. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याने त्यांना प्रथमच आपल्या कक्षेत घेतले. त्यात परवाना परीक्षेची तरतूद आहे; परंतु समुपदेशकांसाठी ती अद्याप सुरू झालेली नाही. तोवर पाटी कोणीही लावू शकतो, ही आमच्या दृष्टीने चिंतेची बाब आहे.

मग तयारी कशाची करावी? पाठांतराची तर नव्हेच. आमच्याकडे येणारा रुग्ण 'मला नैराश्य आले आहे' असे क्वचितच म्हणतो. छातीत धडधडते, झोप लागत नाही, अंग गळून जाते, अशा त्याच्या तक्रारी असतात. यांचे मूळ थायरॉईडच्या विकारातही असू शकते. तेव्हा वैद्यकीय तपासणी झाली आहे काय, हे आधी पाहणे समुपदेशकास सुचले पाहिजे. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे शांतपणे व स्पष्ट शब्दांत विचारता आले पाहिजे. असे विचारल्याने तो विचार रुग्णाच्या मनात पेरला जातो, हा समज चुकीचा आहे. उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णास एकटे न सोडता मनोविकारतज्ज्ञांकडे पोहोचविणे आणि गोपनीयतेची मर्यादा कोठे संपते हे त्यास पहिल्याच भेटीत सांगून ठेवणे, या गोष्टी अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीच अंगवळणी पडतात. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने क्षेत्रकार्यास अभ्यासक्रमातच स्थान दिले आहे, ते याच कारणास्तव. औषध सुचविणे तर समुपदेशकाच्या अधिकारातच नाही.

समुपदेशकाची पदवी कोणती, शिक्षण कोठे झाले आणि कठीण प्रसंगी तो कोणाचा सल्ला घेतो, हे नातेवाइकांनी निःसंकोच विचारावे. तातडीच्या वेळी केंद्र शासनाची ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे.