आर्थिक विकास आणि राज्याराज्यांतील युद्ध व शांतता : जव्हार संस्थानाच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :

राज्याराज्यांतील युद्ध आणि शांतता यांचा विचार बहुधा राजकीय महत्त्वाकांक्षा, सीमावाद किंवा धर्म यांच्या अनुषंगाने केला जातो. त्यामागील महसूल, व्यापार आणि व्यापारी मार्ग यांचा प्रश्न मात्र पुष्कळदा दुय्यम ठरतो. या दृष्टीने पालघर जिल्ह्यातील जव्हारजवळचे शिरपामाळ हे ठिकाण अभ्यसनीय आहे. सुरतेच्या पहिल्या स्वारीच्या वेळी छत्रपती शिवाजी महाराजांचा मुक्काम येथे पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी मानाचा शिरपेच देऊन त्यांचे स्वागत केले, अशी परंपरा आहे. ही स्वारी जानेवारी १६६४ मधील होय. त्यानंतर अवघ्या आठ वर्षांत, १६७२ मध्ये, मराठी सैन्याने जव्हार जिंकून घेतले. मैत्रीचे रूपांतर युद्धात का झाले, याची आर्थिक मीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पनात्मक पार्श्वभूमी :

या विषयावर दोन विचारप्रवाह आढळतात. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू याने १७४८ मध्ये असे प्रतिपादन केले की, व्यापाराची स्वाभाविक परिणती शांततेत होते; कारण व्यापार करणारी राष्ट्रे परस्परांवर अवलंबून राहतात. याउलट कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त कोश आणि दंड, म्हणजे खजिना आणि सैन्य, ही राज्याची दोन अंगे मानली असून सैन्य कोशावर अवलंबून असते, असे सांगितले आहे. अर्थात, संपत्ती शांततेचे कारण होऊ शकते, तशीच ती युद्धाचे साधन आणि साध्यही होऊ शकते. यांपैकी कोणती शक्यता प्रत्यक्षात येते, हे त्या त्या काळच्या आर्थिक संबंधांवरून ठरते.

सुरतेची स्वारी आणि जव्हारचे स्थान :

१६६० ते १६६३ या काळात शायिस्ताखानाच्या फौजेचा तळ पुणे प्रांतात होता. त्यामुळे शेती व वसुली यांची मोठी हानी झाली. सैन्य पोसण्यासाठी द्रव्य हवे आणि मुलूख उजाड झाल्याने ते मुलखातून मिळत नाही, अशी ही स्थिती होती. दुसरीकडे सुरत हे मोगलांचे सर्वांत संपन्न बंदर असून त्याच्या मानाने तेथील संरक्षण अत्यंत दुबळे होते. स्वारीनंतर औरंगजेबाने तेथील व्यापाऱ्यांना एक वर्षाची जकात माफ केली, यावरून या आघाताचे आर्थिक स्वरूप ध्यानात येते.

जव्हारचे राज्य डोंगराळ व जंगलव्याप्त होते. तेथील शेतीचे उत्पन्न मर्यादित असले, तरी कल्याणकडून सुरतेकडे जाणारा उत्तर कोकणातील मार्ग त्याच्या टापूतून जात होता. १६६४ मध्ये मराठ्यांना या मार्गाने केवळ जाऊ देणे पुरेसे होते. त्यात जव्हारचे नुकसान नव्हते. म्हणून मैत्री शक्य झाली.

१६७२ : मैत्रीकडून युद्धाकडे :

ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेवर दुसरी स्वारी झाली. एव्हाना मराठ्यांची गरज बदलली होती. एकदाच मिळणाऱ्या लुटीपेक्षा दरवर्षी मिळणारी चौथाई अधिक महत्त्वाची ठरली आणि तिच्या वसुलीसाठी मार्गावर कायमचा ताबा आवश्यक झाला. जून १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार घेतले. तेथे सुमारे १७ लाख रुपयांचा खजिना हाती लागल्याचे इतिहासकार जदुनाथ सरकार नमूद करतात. पाठोपाठ जुलैमध्ये रामनगरचे राज्यही घेण्यात आले आणि सुरतेकडे ४ लाख रुपये खंडणीची मागणी करण्यात आली. बादशहामुळे आपल्याला सैन्य ठेवावे लागते, तेव्हा त्याचा खर्च बादशहाच्या प्रजेने द्यावा, असा या मागणीमागील युक्तिवाद होता.

रामनगरचा राजा दमणच्या पोर्तुगीज मुलखातून चौथाई घेत असे. रामनगर जिंकल्यावर तो हक्क मराठ्यांनी सांगितला. युद्धाने केवळ भूमीच नव्हे, तर उत्पन्नाचे हक्कही हस्तांतरित होतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

चौथाई ही एका अर्थी शांततेची किंमत होती. ती देणाऱ्या गावास उपद्रवापासून अभय मिळे. घेणाऱ्यासही ते गाव नांदते राहण्यात हित असे, कारण जळालेले गाव चौथाई देऊ शकत नाही. तथापि ही शांतता एकतर्फी होती. देणाऱ्याचा लाभ केवळ नुकसान टळण्यापुरता असल्याने, बळ येताच तो देणे थांबवी आणि पुन्हा युद्ध उद्भवे.

आधुनिक संदर्भ :

युरोपातील राष्ट्रांमध्ये मोठा व्यापार असूनही १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. केवळ व्यापार पुरेसा नाही, हे त्यावरून सिद्ध झाले. १९५१ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी व इतर चार देशांनी कोळसा व पोलाद यांचे उत्पादन सामायिक संस्थेच्या नियंत्रणाखाली आणण्याचा करार केला. युद्धसामग्रीचा पायाच सामायिक झाल्याने शांततेत उभय पक्षांचे हित निर्माण झाले. चौथाईत नेमका याच परस्परहिताचा अभाव होता.

जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि येथील राज्याराज्यांतील संघर्ष संपुष्टात आला. परंतु १९९२-९३ मध्ये याच तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने अनेक बालकांचा बळी घेतला. युद्ध थांबल्याने विकास आपोआप होत नाही, याची ही विदारक साक्ष आहे.

निष्कर्ष :

१) जव्हार व मराठे यांच्या संबंधांतील बदलामागे महसूल आणि व्यापारी मार्ग ही महत्त्वाची कारणे होती.

२) संपत्ती मोठी व संरक्षण दुबळे असल्यास संपन्नता हीच आक्रमणास निमंत्रण ठरते.

३) आर्थिक संबंधांतून टिकाऊ शांतता निर्माण होण्यासाठी उभय पक्षांचा लाभ आवश्यक असतो.

४) शांतता ही विकासाची पूर्वअट आहे, मात्र तिची फळे सामान्य जनतेपर्यंत पोहोचविण्यासाठी स्वतंत्र व सातत्यपूर्ण प्रयत्न करावे लागतात.