ब्रेक ऑइलची टाकी : पायाखालून बॉनेटखाली

जुन्या मोटारींची हौस असणाऱ्या मंडळींत एका सुधारणेची चर्चा नेहमी चालते. ब्रेक ऑइलसाठी एक लहानशी वेगळी टाकी बॉनेटखाली बसवायची आणि रबरी पाइपाने ती मास्टर सिलिंडरला जोडायची. काम तसे अर्ध्या दिवसाचे. परंतु ते कशासाठी करावयाचे हे ज्याला उमगले नाही, त्याच्या हातून गाडी पूर्वीपेक्षा अधिक धोक्याची होण्याचा संभव असतो.

उदाहरणादाखल मॉरिस मायनर घेऊ. १९४८ पासून १९७१ पर्यंत इंग्लंडात निघालेली ही गाडी हिंदुस्थान मोटर्सने 'बेबी हिंदुस्थान' या नावाने आपल्याकडेही काढली होती. अॅलेक इसिगोनिस यांनी तिची रचना मोठ्या अकलेने केली. पण मास्टर सिलिंडर ठेवला तो ड्रायव्हरच्या पायाखाली, चेसिसच्या पोकळ पत्र्यात. ऑइल पाहावयाचे तर गालिचा उचला, झाकण काढा, बोळात हात घाला आणि बूच फिरवा. बूच निघताच भोवतालची माती आत पडावयास टपलेलीच असते. सिलिंडर बाहेर काढावा म्हटले, तर त्याच्या बोल्टांना टॉर्शन बार आडवा येतो.

कारखान्यांतून हिंडताना मी हेच पाहत आलो आहे. ज्या यंत्राचे तेल घालण्याचे भोक जमिनीशी वाकून शोधावे लागते, ते यंत्र हमखास कोरडे राहते. पुढे बेअरिंग जळाले की जाब कामगाराला विचारतात. भोक तिथे ठेवणाऱ्याला कोणी विचारीत नाही. मोटारीत मात्र जळते ते बेअरिंग नव्हे. मायनरच्या ब्रेकचे मंडल एकच आहे. नंतरच्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांची मंडले वेगळी केली, तशी सोय इथे नाही. एका चाकाशी ऑइल गळून संपले, तर चारही चाकांचे पायब्रेक जातात आणि हातब्रेकवर भिस्त राहते. तेव्हा टाकीतली पातळी रोज सहज दिसणे याला किती किंमत आहे, ते पगारावर दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्याने सांगावे.

आता आतली क्रिया पाहू. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ऑइल पुढे रेटतो, आणि पास्कलच्या नियमाप्रमाणे तो दाब सारखाच सगळ्या चाकांच्या सिलिंडरांत पोचतो. पेडल सोडलेले असताना टाकी आणि दाबाची कोठी यांच्यामध्ये एक बारीक छिद्र उघडे असते. दट्ट्याचा रबरी कप पुढे सरकला की पहिल्याने ते छिद्र बंद होते आणि मग दाब चढतो. म्हणजे ब्रेक लागतेवेळी टाकीवर दाब येतच नाही. ती वरून ऑइल पुरवते एवढेच. म्हणूनच टाकीच्या पाइपाला साध्या क्लिपा पुरतात, आणि म्हणूनच नवी टाकी बसवल्याने ब्रेक काडीइतकाही जोरदार होत नाही. तसे कोणी सांगून पैसे घेत असेल, तर देऊ नयेत.

पेडलच्या दांड्याला थोडी मोकळीक मात्र ठेवलीच पाहिजे. ती नसेल तर छिद्र झाकलेले राहते. तापून फुगलेल्या ऑइलला परत जायला वाट मिळत नाही आणि ब्रेक आपोआप आवळत जातात. मग मिस्त्री नव्या टाकीला दोष देत बसतो.

बसवताना बुचाभोवतालची जागा आधी ब्रशाने स्वच्छ करावी. बुचाच्या जागी त्याच आट्यांचा जोडतुकडा वॉशर घालून घट्ट बसवावा. जुन्या बुचाला हवेसाठी भोक होते, कारण ऑइल त्याच्या खाली राहत असे. आता सिलिंडर काठोकाठ भरणार, म्हणून इथे थेंबही गळता कामा नये. हवेचे भोक नव्या टाकीच्या झाकणाला हवे. टाकी सिलिंडरपेक्षा उंचावर आणि एक्झॉस्टच्या उष्णतेपासून दूर असावी. पाइप सिलिंडरपासून टाकीकडे सारखा चढता न्यावा. मध्ये कुठे उंचवटा राहिला तर तिथे हवा अडकून बसते. पत्र्यातून जाताना त्याला रबरी कडे घालावे, नाहीतर धार पाइप कापते.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो पाइपाच्या जातीचा. पेट्रोलचा पाइप दुकानात चटकन मिळतो आणि दिसतोही तसाच. पण ब्रेक ऑइलने तो फुगतो, मऊ पडतो. पाइप ब्रेक ऑइलसाठी म्हणून विकला जाणाराच घ्यावा. आपण 'ऑइल' म्हणतो खरे, पण हा द्रव तेलच नव्हे; तो ग्लायकॉलच्या जातीचा आहे. नावावर विसंबून कोणी त्यात इंजिनाचे तेल ओतले, तर सगळे रबरी कप फुगून निकामी होतात. शिवाय हा द्रव हवेतली ओल शोषून घेतो. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळले पाहिजे असा दंडक आहे. ओल शोषल्यावर तो १५५ अंशांवर येतो. घाटात ब्रेक तापून ऑइल उकळले, तर वाफ दबते आणि पेडल तळाला जाते. म्हणून झाकण उगाच उघडे ठेवू नये, अर्धवट उरलेला जुना डबा वापरू नये. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवावे. हा द्रव रंग खातो.

शेवटी हवा काढावयाची. उजव्या हाताच्या गाडीत मागचे डावे चाक मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांब, तिथून सुरुवात करावी आणि पुढचे उजवे सर्वांत शेवटी घ्यावे. या वेळी एकाने टाकीवर नजर ठेवावी; ती रिकामी झाली की सगळे काम पहिल्यापासून. मग पेडल जोराने दाबून धरावे आणि दुसऱ्याने प्रत्येक सांधा कोरड्या कापडाने पुसून पाहावा. पेडल सोडल्यावर टाकीचे सांधे पुन्हा पाहावेत, कारण तिथली गळती दाबाने उघडकीस येणार नाही.

पुढे पातळी उतरलेली दिसली, तर नुसती भर घालून निघू नये. मायनरच्या चारही चाकांना ड्रम आहेत. लायनर झिजले तरी शू जुळवून घेतले जातात, त्यामुळे टाकीतली पातळी फारशी हलत नाही. ती उतरली म्हणजे कुठेतरी गळते आहे. चाके काढून व्हील सिलिंडरांच्या रबरी टोप्या उचलून पाहाव्यात, आणि पायाखालचे ते जुने झाकणही काढावे. मास्टर सिलिंडरची मागची सील गेली असेल, तर ओल तिथेच सापडेल.