मोडलेल्या कचेरीचें काय होतें?

आमच्या वाचकांपैकीं ज्या पालकांचें बालपण मांजरीच्या शिवारांत गेलें, त्यांस गुऱ्हाळ समजावून सांगावयास नको. चरकांतून रस निघाला म्हणजे उरलेलें चिपाड उन्हांत वाळत पडे, वाळलें म्हणजे तेंच काहिलीखालच्या चुलाणांत जळे, आणि चुलाणांतील राख पुन्हां शेतांत जाई. आज याच गांवीं वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही १९७५ सालीं स्थापन झालेली संस्था उसाच्या शास्त्राचा अभ्यास करते, व साखर कारखाने त्याच चिपाडावर वीज उत्पन्न करतात. उसाच्या धंद्यांत निव्वळ टाकाऊ असें फार थोडें उरतें.

परंतु गांव आतां एकट्या उसाचें राहिलेलें नाहीं. २०२१ सालीं मांजरी बुद्रुक पुणें महानगरपालिकेंत समाविष्ट झालें. शेजारीं हडपसर व मगरपट्टा, आणि नदीपलीकडे खराडी, येथें संगणकाच्या कामाच्या मोठमोठ्या कचेऱ्या उभ्या आहेत. त्यांतून रोज निघणाऱ्या कागदांचा व डब्यांचा विचार आम्हांस येथें करावयाचा नाहीं. सबंध कचेरीच जेव्हां मोडून नवी करतात, तेव्हां जुनीचें काय होतें, एवढाच आमचा प्रश्न आहे.

घर आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरतों. कचेरी बहुधा भाड्याची असते. करार संपला कीं भाडेकरूनें आपलीं दालनें, छत, दिवे, गालिचे सर्व काढून जागा मोकळी करून द्यावी, अशी अट पुष्कळ करारांत असते. नवा येतो तो सर्व कांहीं आपल्या पसंतीनें पुन्हां बसवितो. म्हणजे सामान झिजलें म्हणून मोडलें असें नव्हे. राहणारा बदलला म्हणून मोडलें. मुदतहि थोडी असते, कारण रिकाम्या जागेचें भाडें चालूच राहतें. मग घण पडतो, आणि चांगलें व वाईट एकाच ढिगांत जाऊन पडतें.

त्या ढिगांतील ॲल्युमिनियमच्या चौकटी, तांब्याच्या तारा व लोखंड भंगारवाला उचलून नेतो. आपण त्याच्याकडे पाहून उगीच नाक मुरडतों; धातूंची पारख त्याच्याइतकी त्या कचेरींत कोणासहि नसते. जुनें ॲल्युमिनियम वितळवून पुन्हां वापरण्यास जी शक्ति लागते, ती खनिजापासून नवें करण्यास लागणाऱ्या शक्तीच्या सुमारें विसाव्या हिश्श्याइतकीच असते. खरी अडचण आहे ती तो जें नेत नाहीं त्याची.

आडभिंती व छत यांसाठीं जिप्समचे बोर्ड लावतात. दोन जाड कागदांमध्यें जिप्समचा थर, अशी त्यांची रचना असते. हाड मोडल्यावर डॉक्टर घालतात तें प्लास्टर याच खनिजाचें. कागद, रंग व स्क्रू वेगळे केले तर हें जिप्सम दळून पुन्हां उपयोगीं पडतें. तेंच ओल्या कचऱ्यांत मिसळून खोल गाडलें गेलें तर मात्र, हवा न पोंचणाऱ्या त्या जागीं सूक्ष्म जंतु त्यापासून सडक्या अंड्यासारखा दर्प असलेला विषारी वायु तयार करतात. उरुळी देवाची व फुरसुंगी येथील कचरा डेपो आपल्यापासून दूर नाहीं. दुर्गंधी म्हणजे काय, हें तिकडील लोकांस विचारावें.

कांचेची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. कचेरींतील मोठीं तावदानें तापवून व एकदम थंड करून कठीण केलेलीं असतात. तीं मागाहून कापूं गेल्यास सबंध तावदानाचे बारीक खडे होऊन जातात. तेव्हां असें तावदान जसेंच्या तसें, त्याच मापांत बसेल तरच पुन्हां वापरतां येतें. नव्या कचेरीचा नकाशा काढणारानें आधीं जुन्या तावदानांचीं मापें घेतलीं तर तीं वांचतात. नकाशा आधीं झाला तर वांचत नाहींत.

टेबलें व कपाटें बहुधा दाबून केलेल्या भुशाच्या फळ्यांचीं असतात. (असल्या फळ्या उसाच्या चिपाडाच्याहि होतात.) तींत एकदां बसविलेला स्क्रू काढून त्याच भोकांत पुन्हां आवळला तर नीट धरत नाहीं, आणि पाणी लागलें कीं फळी फुगते. पुण्यांतील जुन्या वाड्यांत एका लांकडाचें टोंक दुसऱ्याच्या खांचेंत बसवीत. त्यामुळें वाडा काढावयाची वेळ आली तरी त्याच्या सागवानी तुळया व दारें दुसऱ्या घरीं लागत. लोक ‘वाडा उतरविला’ असें म्हणत. कचेरी मात्र ‘तोडली’ असें म्हणतात. आमच्या मतें सारा भेद या दोन क्रियापदांत आहे. जें स्क्रूनें आवळलें तें सुटतें, जें चिकटविलें तें फाटतें. कचेरीचा किती कचरा होणार, हें ती बसविली जाते त्याच दिवशीं बव्हंशीं ठरतें.

उरला राडारोडा. मुळा-मुठेच्या काठीं तो टाकल्याच्या तक्रारी पुण्यांत वारंवार होतात. एका तीरावर मांजरी बुद्रुक, दुसऱ्यावर मांजरी खुर्द. पात्र भरावानें अरुंद झालें तर पावसाळ्यांत पाणी कोणाच्या घरांत शिरेल, हें सांगावयास नको. केंद्र सरकारनें बांधकामाच्या कचऱ्यासाठीं २०१६ सालीं स्वतंत्र नियम केले, आणि २०२५ सालीं त्यांच्या जागीं नवे जाहीर केले. महानगरपालिकेनें वाघोली येथें राडारोडा दळण्याचा प्रकल्पहि उभारला आहे. पण असल्या यंत्रांत विटा व काँक्रीट चालतें. गालिचा व भुशाची फळी चालत नाहीं.

पांच हजारांस जेवूं घातल्यावर प्रभूनें उरलेले तुकडे गोळा करविले, व बारा टोपल्या भरल्या, हें योहानाच्या शुभवर्तमानांत आपण वाचतों. हे तुकडे जेवण होतांच गोळा केले, पायांखालीं तुडविले गेल्यावर नव्हे. कचेरी सोडण्यापूर्वीं महिनाभर आधीं एका वहींत सामानाची यादी केली, आणि नव्या भाडेकरूस ती दाखविली, तर अर्धें काम होतें. पुष्कळदां त्यास तीच दालनें चालतात. आमच्या पालकांपैकीं जे अशा ठिकाणीं अधिकारावर आहेत, त्यांनीं हें करून पाहावें.

उरलेलीं टेबलें-खुर्च्या शाळांस देण्याचा प्रघात चांगला आहे. मात्र दान म्हणून येणारें प्रत्येक कपाट शाळेनें घेऊं नये, नाहीं तर दुसऱ्याचा कचरा आपल्या अंगणांत येतो. टेबल आलें कीं तें उलटें करून पाहावें. पाय स्क्रूनें जोडलेले व फळी कोरडी असेल तर ठेवून घ्यावें. कडा फुगलेल्या दिसल्या तर आभार मानून त्याच गाडींतून परत पाठवावें.