बोअरचं जड पाणी: न शिजणारी डाळ, पांढरा गीझर आणि मुतखड्याची भीती

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय जड पाणी. शाळेच्या पुस्तकात याला ‘दुष्फेन’ म्हणायचे, म्हणजे ज्यात साबणाला फेस येत नाही ते. (विज्ञानात ‘जड पाणी’ म्हणजे अणुभट्टीत वापरतात ते, त्याचा इथे काही संबंध नाही.) उदाहरण म्हणून आपण लातूर घेऊ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते हेच शहर. त्यामुळे लातूर म्हटलं की पाणी किती आहे हीच चर्चा होते, पाणी कसं आहे यावर कोणी फारसं बोलत नाही.

आधी एक गोष्ट साफ करू. घरातल्या नळाला येणारं पाणी आणि नगरपालिकेचं किंवा महापालिकेचं पाणी, हे एकच असेल असं नाही. लातूरला धरणाचं पाणी मांजरेवरून येतं, पण रोज येत नाही. मग घराघरात बोअर. बोअरचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं, तिथे दोन्ही पाणी एकत्र होतात आणि तेच न्हाणीघरात, स्वयंपाकघरात उतरतं. धरणाचं पाणी साधारण हलकं, बोअरचं जड. म्हणूनच एकाच गल्लीत एकाचा नळ स्वच्छ आणि शेजाऱ्याच्या नळावर पांढरे थर, असं दिसतं. आणि उन्हाळ्यात बोअरवरचा भार वाढला की थरही वाढतात.

आता बोअरचं पाणी जड का? पावसाचं पाणी मुळात हलकंच असतं. जमिनीत मुरताना ते मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्ल होतं. मग काळ्या मातीतली चुनखडी आणि खालचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हळूहळू विरघळवत ते खाली जातं. खडकाच्या भेगांत जितका काळ राहील तितकं जास्त उचलतं.

मोजायचं कसं? भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी. समजा तुमच्या बोअरची कठीणता ४०० आहे. मग १००० लिटरच्या टाकीत ४०० ग्रॅम चुना विरघळलेला आहे. डोळ्यांना पाणी नितळच दिसतं.

तो दिसायला लागतो तापवल्यावर. पाण्यातले बायकार्बोनेट उष्णतेने मोडतात आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. पातेल्याच्या तळाचा पांढरा खडा तोच. गीझरमध्ये हा थर कॉईलवर बसतो. थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही, कॉईल आतल्या आत तापत राहते, बिल वाढतं आणि एक दिवस कॉईल जाते. यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गीझरचं तापमान ५०-५५ अंशांवर ठेवणं. ६० च्या पुढे थर भराभर चढतो. शॉवरची चाळणी काढून तासभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवली की मोकळी होते. फरशीसाठी बाटलीतलं ॲसिड वापरत असाल तर एवढंच सांगतो: ते ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या जवळपासही नेऊ नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

आता डाळ. लातूर म्हणजे डाळींची मोठी बाजारपेठ, दालमिल्सचं गाव. आणि तिथल्याच घरात ऐकू येतं, ‘चार शिट्ट्या झाल्या तरी डाळ शिजेना.’ बिचाऱ्या डाळीला नावं ठेवतात, पण बऱ्याचदा दोष पाण्याचा असतो. डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन शिजताना सुटायला हवं. पाण्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला पकडून आणखी घट्ट करतं, मग दाणा आतून कडकच राहतो. उपाय सोपा आहे. पाणी पाच-दहा मिनिटं उकळा, गार होऊ द्या, तळाचा खडा न हलवता वरचं पाणी नितारून घ्या आणि त्यातच डाळ भिजवा आणि शिजवा. चिंच, टोमॅटो नंतर घाला, कारण आंबटपणानेही डाळ शिजायला वेळ लागतो. चिमूटभर खायचा सोडा चालतो, पण त्याने ब-१ जीवनसत्त्व थोडं जातं, म्हणून रोज नको.

एक अडचण आहे. उकळल्याने बायकार्बोनेटची कठीणताच जाते. सल्फेट-क्लोराइडची तशीच राहते. तुमच्या पाण्यात कोणती जास्त आहे हे प्रयोगशाळेतच कळतं. कपड्यांना मात्र जुनाच उपाय लागू पडतो, धुण्याचा सोडा. तो आधी कॅल्शियम खाली बसवतो, मग साबण वाया जात नाही.

या भागात मला खरं बोलायचंय ते मुतखड्याबद्दल. ‘नळाला खडा होतो, मग पोटात होणारच’ हे तर्काला पटतं, पण शरीर म्हणजे पाइप नाही. जड पाण्याने मुतखडा होतो असा ठोस पुरावा नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने कठीणतेसाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही. उलट ‘हे पाणी वाईट’ म्हणून कमी पाणी पिणं, तेही मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, हे मुतखड्याला सरळ आमंत्रण आहे. ज्यांना खडा होऊन गेलाय त्यांनी डॉक्टरांना विचारावं, पण पाणी कमी करू नये.

त्वचेचंही तसंच. केस राठ लागतात, साबणाचा चिकटा राहतो, हे खरं. पण ब्रिटनमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर एक चाचणी झाली, निष्कर्ष २०११ साली आले. घरी पाणी मृदू करणारं यंत्र बसवूनही इसबात मोजता येण्यासारखा फरक दिसला नाही.

हे यंत्र, म्हणजे सॉफ्टनर, कॅल्शियम काढतं पण त्याच्या बदल्यात सोडियम देतं. कठीणतेच्या दर १०० मिलिग्रॅममागे सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम. ४०० चं पाणी असेल तर लिटरला १८४ मिलिग्रॅम झालं की! आंघोळीला, वॉशिंग मशीनला ठीक. पण घरात बीपीचा पेशंट असेल तर प्यायचा नळ वेगळा ठेवा.

आणि तो दारावर येणारा आरओवाला. दोन ग्लासांत तारा बुडवतो, तुमच्या नळाच्या पाण्यात तपकिरी गाळ तयार होतो, आरओच्या पाण्यात होत नाही. तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतो, त्याच्या लोखंडी तारेचा गंज असतो! क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून तार झिजते. टीडीएस मीटरही फक्त एकूण क्षार सांगतो, कठीणता सांगत नाही आणि घातक काय आहे तेही सांगत नाही.

घातक असू शकतं नायट्रेट. खतांमधून, सांडपाण्यातून ते बोअरमध्ये उतरतं. त्याचा थर बसत नाही, चव लागत नाही आणि उकळल्याने ते कमी होत नाही, उलट पाणी आटल्यामुळे वाढतं. तान्ह्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून देत असाल तर धोका खरा आहे. मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. म्हणून पाणी तपासायला द्याल तेव्हा कठीणतेबरोबर नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू, तिन्ही तपासून मागा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यांत आहेत. नमुना बोअरचा वेगळा द्या आणि धरणाचं पाणी येतं त्या दिवशी थेट त्या नळाचा वेगळा. टाकीतला देऊ नका, तिथे दोन्हीची खिचडी झालेली असते.