विद्युत कुंपण: ८,००० व्होल्टचा झटका आणि २३० व्होल्टचा मृत्यू

रानडुक्कर, नीलगाय किंवा मोकाट गुरे एका रात्रीत भाजीपाल्याचे वाफे उद्ध्वस्त करतात. त्यांना अडवण्यासाठी बागेभोवती कमी शक्तीचे विद्युत कुंपण घालतात. त्याच्या यंत्राला बोलीभाषेत ‘झटका मशीन’ म्हणतात. या कुंपणाच्या तारेवर ५,००० ते ८,००० व्होल्टचे विभवांतर असते, तरीही प्राणी मरत नाही. याउलट, घरातील २३० व्होल्टचा पुरवठा थेट तारेला जोडला तर माणसापासून हत्तीपर्यंत कोणाचाही जीव जातो. असे का होते, ते या पाठात पाहू.

परिपथ
यंत्राचे एक टोक तारेला आणि दुसरे जमिनीत पुरलेल्या धातूच्या सळईला जोडलेले असते. तार विद्युतरोधकांवर बसवलेली असल्यामुळे एरवी परिपथ अपूर्ण राहतो. प्राण्याने तारेला स्पर्श करताच तार, शरीर, जमीन आणि सळई या मार्गाने तो पूर्ण होतो.

ऊर्जा आणि वेळ
१२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे यंत्र आतील संधारित्र प्रभारित करते. समजा, २० मायक्रोफॅरडचे संधारित्र ५०० व्होल्टपर्यंत प्रभारित झाले. त्यातील ऊर्जा ½CV² = २.५ ज्यूल. ती रोहित्रामार्फत उच्च विभवाच्या एका स्पंदाच्या रूपाने तारेत जाते. स्पंद सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो. पुढचा स्पंद सुमारे एका सेकंदाने येतो. म्हणजे सरासरी शक्ती फक्त अडीच वॅट, एका लहान एलईडी दिव्याइतकी. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ५०० ओहम रोधात एका स्पंदाची ऊर्जा ५ ज्यूलपेक्षा जास्त असू नये.

आता घरगुती विजेचा विचार करू. शरीराचा रोध १,००० ओहम धरला तर धारा ०.२३ अँपिअर होते आणि ती अखंड वाहते. स्नायू आखडतात, हात तारेवरून सुटत नाही आणि हृदयाची लय बिघडते. स्पंदाच्या झटक्यात स्नायू एकदाच आकसतात. नंतरच्या सेकंदात प्राणी मागे सरतो.

‘मध्ये बल्ब जोडला की धोका टळतो’ हा समज चुकीचा आहे. १०० वॅटच्या तापलेल्या बल्बचा रोध सुमारे ५३० ओहम असतो. शरीरासह एकूण रोध १,५३० ओहम, म्हणून धारा ०.१५ अँपिअर. घरातील आरसीसीबी ०.०३ अँपिअरच्या गळतीलाच पुरवठा तोडतो. त्याच्या पाचपट धारा येथे शरीरातून वाहते. थंड बल्बचा रोध तर याहून खूपच कमी असतो.

उभारणी
१. रानडुकरांसाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवावी. ओलसर नाकपुडीला झटका चांगला बसतो. केसाळ अंगाला कमी जाणवतो.
२. तारेला टेकणारे गवत नियमित कापावे, नाहीतर ऊर्जा जमिनीत गळते.
३. उन्हाळ्यात कोरडी माती धारा नीट वाहू देत नाही. अशा ठिकाणी एक तार स्पंदाची आणि एक भूसंपर्काची अशा आलटून-पालटून बांधाव्यात.
४. धोक्याचा फलक लावावा. झटका प्राणघातक नसला तरी पेसमेकर असलेल्या व्यक्तींनी तारेपासून दूर राहावे.

हे कुंपण भिंतीसारखे अडवत नाही. प्राण्याला आलेला अनुभव त्याला दूर ठेवतो. म्हणून ते बंद ठेवू नये. हत्ती तर सुळ्यातून झटका लागत नाही हे ओळखून तारा तोडतात, असे आढळले आहे.

कायदा
वाहिनीवर आकडा टाकून कुंपणात वीज सोडणे ही विद्युत अधिनियम, २००३ नुसार वीजचोरी आहे. त्यात संरक्षित वन्यप्राणी मेल्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. माणूस दगावल्यास सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो.

स्वाध्याय: मानकानुसार बनवलेले झटका मशीन बॅटरीऐवजी घरातील विजेवर चालवले, तरी कुंपण प्राणघातक का होत नाही? संधारित्र व रोहित्र यांच्या कार्याच्या आधारे उत्तर लिहा.